पुढचा आउटडोअर चाकू निवडताना पोलादाच्या नावाआधी काय मोजाल

प्रश्न थोडक्यात असा: हाताशी दोन फोल्डर, म्हणजे घडीचे चाकू आहेत, एक मोरा कम्पॅनियन (२.५ मिमी जाडीचा साधा चाकू) आहे आणि ६ मिमी जाडीचा एक दणकट ‘सर्व्हायव्हल’ चाकू आहे. आता एकच, मनासारखा, वर्षानुवर्षं वापरता येईल असा फिक्स्ड ब्लेड, म्हणजे घडी न होणारा चाकू घ्यायचाय. काम म्हणजे रानातला मुक्काम, लाकूड तासणं, सरपण बारीक करणं, दोर कापणं, खाण्याचं चिरणं. हवा बऱ्याचदा दमट. पोलाद मॅग्नाकट घ्यावं की ३व्ही, जाडी चार मिमी की पाच, आणि कंपनीचा घ्यावा की कारागिराकडून घडवून घ्यावा?

पोलाद सगळ्यात शेवटी ठरवा. आधी पात्याची भूमिती, म्हणजे जाडी, ग्राइंड (पात्याच्या बाजू कशा घासल्यात ते) आणि धारेचा कोन. मग मूठ. त्यानंतर पोलाद आणि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून कडक कसं केलंय ते. पातं मुळात जाडजूड घासलेलं असेल तर कुठल्याही पोलादात ते वाईटच कापतं, आणि नीट घासलेलं साधं १०९५ हे कार्बन पोलादसुद्धा झकास चालतं. धार किती वेळ टिकेल, गंज किती चढेल हे पोलादावर आहे. लाकडात पातं कसं शिरेल हे त्याच्यावर फारसं नाही.

बाजारात बघण्याआधी जुन्या चाकूंना तासभर कामाला लावा. मनगटाएवढी जाड, वाळलेली फांदी घ्या. तिला टोक काढा, फेदर स्टिक (विस्तव पेटवायला पातळ ढलप्या न तोडता तासलेली काठी) करा, एक खोल खाच पाडा. मग थोडा दोर आणि बराचसा पुठ्ठा कापा. प्रत्येक चाकू कुठे अडला ते लिहून काढा. या तक्रारी वाचता यायला हव्यात, कारण तक्रार एक दिसते आणि दोष भलतीकडेच असतो.

‘धार लवकर जाते’ ही सर्वांत फसवी तक्रार. बहुतेक वेळा पोलाद निर्दोष असतं; धार लावताना निघालेला बर पूर्ण काढलेला नसतो. असा चाकू कागद सरसर कापतो, हातावरचे केसही काढतो, आणि लाकडाला पाच-दहा वेळा लावला की एकदम बोथट होतो, कारण कापत होती ती धार नव्हतीच, धारेवर उभी राहिलेली पातळ तार होती. कापसाच्या बोळ्यावरून पातं हलकेच फिरवा. तंतू अडकले तर बर शिल्लक आहे. धारेत अर्धगोल खड्डे पडत असतील तर पोलाद कडक आणि ठिसूळ आहे, किंवा धार कामाच्या मानानं फार बारीक आहे, किंवा लाकडात रुतलेलं पातं पिळून काढलं गेलंय. पिळण्याची सवय असेल तर नवा महाग चाकूही तसाच खड्डे पाडून घेईल. धार तुटत नाही पण एका बाजूला मुडपते, असं असेल तर पोलाद मऊ आहे किंवा कोन फार कमी आहे. आणि पातं लाकडात शिरण्याऐवजी वरच्यावर सरकतं, खाच पाडताना जोर लावावा लागतो, टणक गाजर चिरताना ते कापलं न जाता फुटतं, तर तो जाडीचा दोष. तुमच्या ६ मिमीच्या चाकूची तक्रार बहुधा हीच निघेल.

जाडी म्हटलं की सगळे पाठीची जाडी सांगतात. कापण्यासाठी महत्त्वाची असते ती धारेमागची, म्हणजे धारेचा छोटा उतार जिथे संपतो तिथली. व्हर्निअर कॅलिपर असेल तर ती थेट मोजा. नसेल, किंवा चाकू फक्त फोटोत दिसत असेल, तर धारेच्या उताराची रुंदी बघा. हा उतार २ मिमी रुंद असेल आणि धार प्रत्येक बाजूला २० अंशांची असेल, तर धारेमागे जवळजवळ १.४ मिमी पोलाद उभं आहे. हिशेब सोपा आहे: रुंदीची दुप्पट, गुणिले कोनाची साइन. लाकूड आणि स्वयंपाक दोन्ही करणाऱ्या चाकूला धारेमागे ०.४ ते ०.६ मिमी पुरतात. कडक, गाठाळ लाकूड रोज चिरायचं असेल तर ०.७ पर्यंत जा. एक मिमीच्या पुढे गेलं की त्याला चाकू म्हणण्यापेक्षा पाचर म्हणावं. ०.५ मिमी असेल आणि कोन प्रत्येक बाजूला १८ अंश, तर धारेचा उतार जेमतेम ०.८ मिमी रुंदीचा दिसतो. जाहिरातीच्या फोटोत चमकणारा रुंद उतार दिसला की तो सौंदर्याचा भाग समजू नका, धारेमागे भरपूर पोलाद सोडलंय याची ती खूण आहे. ही गोष्ट स्कँडी सोडून बाकी सगळ्या ग्राइंडला लागू.

स्कँडीत धारेसाठी वेगळा उतारच नसतो. पाठीकडून सपाट येणारं पातं एका जागी मोडतं आणि तिथून थेट धारेपर्यंत जातं. दोन्ही बाजू मिळून २५ अंश धरले तर २.५ मिमी जाडीच्या पात्यावर हा उतार साधारण साडेपाच मिमी उंच होतो, आणि ४ मिमीवर नऊ मिमी. लाकूड तासायला याच्यासारखं सुख नाही. उतार लाकडावर टेकवला की तोच पात्याला वाट दाखवतो, ढलपी हवी तेवढीच जाड निघते. पण आता हीच ४ मिमीची स्कँडी एखाद्या कंदात किंवा जाड पुठ्ठ्यात घाला. धारेपासून नऊ मिमी आत गेल्यावर पात्याची पूर्ण ४ मिमी जाडी आत शिरलेली असते. तितक्याच जाडीचं, ३० मिमी रुंदीचं आणि धारेमागे अर्धा मिमी ठेवलेलं फुल फ्लॅट (पाठीपासून सपाट उतरत धारेपर्यंत येणारं) पातं घेतलं तर त्याच खोलीवर जाडी दीड मिमीच्या आसपास असते. पाठ दोघांची सारखीच ४ मिमी, आणि कापण्यात जमीन-अस्मानाचा फरक. स्वप्नातला चाकू शोधणारे बरेच जण इथेच चुकतात: पाठीचा आकडा बघून चाकूला दणकट किंवा नाजूक ठरवतात.

शून्यापर्यंत नेलेल्या स्कँडीचा दुसरा दोष म्हणजे वाळलेल्या गाठीवर धार मुडपते. त्यावर उपाय आहे: नेहमीसारखी धार लावून झाल्यावर प्रत्येक बाजूला १५ ते १८ अंशांवर चार-पाच हलके हात मारून अगदी बारीक मायक्रोबेव्हल द्यायचा. कामात फरक जाणवत नाही, धार मात्र बरीच जास्त टिकते.

कॉन्व्हेक्समध्ये बाजू किंचित फुगीर असतात, कुठेही ठळक कंगोरा नसतो. त्यामुळे लाकूड चिरताना पातं रुतून बसत नाही, आणि धारेला पाठबळ चांगलं मिळतं. फॉलक्निवेन एफ१ हे याचं ठळक उदाहरण. पातं ९७ मिमी लांब, पाठ ४.५ मिमी, कॉन्व्हेक्स धार. १९९५ पासून स्वीडिश हवाई दलाच्या वैमानिकांना देण्यात आलेला चाकू. वैमानिकाच्या गरजा वेगळ्या असतात हे मात्र लक्षात ठेवा. फेदर स्टिक सुबक व्हाव्यात यासाठी तो बनलेला नाही. होलो ग्राइंड, म्हणजे आतून पोखरल्यासारखी बाजू, कातडं आणि मांस कापायला उत्तम, पण खोल लाकूडकामात पात्याचा वरचा जाड खांदा अडतो. तुमच्या यादीतून ती काढून टाका.

तुमच्याकडे २.५ मिमीची स्कँडी, म्हणजे मोरा कम्पॅनियन आधीच आहे, आणि लाकूड तासण्यात तिला हरवणं कठीण आहे. म्हणून नवा चाकू तिचीच महाग आवृत्ती नको. माझा कौल उंच फ्लॅट ग्राइंडला: पाठ ३.५ मिमी, धारेमागे ०.५ मिमी, धार प्रत्येक बाजूला १८ अंश आणि खांदे किंचित गोल केलेले. हा चाकू लाकडात स्कँडीच्या थोडा मागे राहील, बाकी सगळीकडे पुढे.

४ की ५ मिमी, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं, पण कारण सांगायला हवं. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ३ मिमीवरून ४ वर गेलं की ताठपणा सव्वादोन पटींहून जास्त होतो. म्हणजे ३.५ मिमीचं, नीट पाणी दिलेलं, ११ सेंमीचं पातं हातानं वाकवणं जवळपास अशक्यच आहे. त्यापुढच्या प्रत्येक मिमीनं ताकद वाढते ती न लागणारी. वजन मात्र पूर्ण लांबीच्या टँगसह (टँग म्हणजे पात्याचा मुठीत जाणारा भाग) ४०-५० ग्रॅमनं वाढतं आणि कमरेला जाणवतं. बेकर बीके२ साडेसहा मिमीच्या आसपास जाडीचा आणि साडेचारशे ग्रॅमच्या घरातला आहे. लाकूड फोडायला तो मस्त आहे, पण त्या वजनात मधल्या आकाराचा चाकू आणि छोटी घडीची करवत दोन्ही येतात, आणि ही जोडी कितीतरी जास्त सरपण पाडते.

बॅटनिंगसाठी, म्हणजे पाठीवर सोट्यानं ठोकून लाकूड चिरण्यासाठी, जाडीपेक्षा पद्धत महत्त्वाची. ठोकायला पात्याचं टोक लाकडाबाहेर किमान ३ सेंमी उरायला हवं. म्हणजे ११ सेंमीच्या पात्यानं ८ सेंमी व्यासापर्यंतचंच लाकूड. गाठ दिसली की बाजूनं वाट काढा. पातं आडवं राहू द्या, मुठीचा हात वर किंवा खाली रेटू नका. बॅटनिंगमध्ये मोडलेले चाकू बऱ्याचदा गाठीत रुतलेल्या पात्याच्या मुठीला जोर लावल्यानं मोडतात, आणि मोडतात ते मूठ आणि पातं जिथे मिळतात त्या जागी.

त्या जागेकडे बघायला मात्र फारसं कुणी सांगत नाही. टँग फुल आहे की निमुळता यावर वाद घालण्यापेक्षा पातं टँगला मिळतं तिथला आतला कोपरा कसा आहे ते विचारा. काटकोनात कापलेला तीक्ष्ण कोपरा असेल तर सगळा ताण तिथे साठतो आणि भेग तिथूनच सुरू होते. गोल त्रिज्येचा कोपरा असलेला निमुळता टँग काटकोनी फुल टँगपेक्षा खात्रीचा. कम्पॅनियनचा टँग मुठीच्या आत गेलेला आणि निमुळता आहे, तरी त्याच्यावर लोक वर्षानुवर्षं काम करतात. फुल टँगचा खरा फायदा असा की मुठीच्या पट्ट्या फुटल्या तरी दोर गुंडाळून चाकू चालवता येतो. तोटा म्हणजे वजन, आणि थंडीत मुठीच्या कडेनं हाताला लागणारं गार लोखंड.

लांबीत फार वेळ घालवू नका. १० ते १२ सेंमी. त्याखाली बॅटनिंग जमत नाही, त्यावर टोकावरचा ताबा जातो. चाकू बाळगण्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. लांबी, दुहेरी धार, उघड्यावर लटकवणं यांपैकी कशावरही बंदी असू शकते, तेव्हा तुमच्या भागातला नियम ऑर्डर देण्याआधी वाचा. विमानात चाकू फक्त चेक-इन सामानात, म्यानात आणि गुंडाळून.

आकारात दोनच गोष्टी बघा. टोक पात्याच्या मध्यरेषेच्या जवळपास असावं आणि पाठीची जाडी टोकाकडे कमी होत गेलेली असावी. ४ मिमीची पाठ टोकापर्यंत तशीच नेली तर भोक पाडताना टोक शिरतच नाही. दुसरं, धार मुठीपासून पाच-सहा मिमीच्या आत सुरू व्हावी. बोट ठेवायला धारेआधी मोठी खाच असलेले चाकू फोटोत रुबाबदार दिसतात, पण लाकूड तासायचा सगळा जोर मुठीलगतच्या दोन सेंमीत असतो आणि ही खाच नेमकी तेवढीच धार खाते. तुमच्या कामासाठी ती नकोच. पाठीचा कंगोरा किमान मधल्या भागात काटकोनी आणि तीक्ष्ण हवा. फेरो रॉडवर (घासल्यावर ठिणग्या देणाऱ्या कांडीवर) ठिणगी पाडायला आणि साल खरवडायला तोच लागतो. जाड कोटिंग असलेल्या पात्यावर हा कंगोरा रंगाखाली दबलेला असतो. तेवढ्या पट्टीतलं कोटिंग कानशीनं काढलं की काम होतं.

आता मूठ. लोक पोलादाबद्दल महिनाभर वाचतात आणि मुठीचा फक्त रंग निवडतात. दिवसभर काम केल्यावर चाकू खाली ठेवायला लावते ती मूठ. लांबी म्हणजे तळव्याची रुंदी अधिक दीड-दोन सेंमी. बहुतेक हातांना ११.५ ते १२.५ सेंमी होते. हातमोजे घालून काम करणार असाल तर वरचा आकडा धरा. छेद अंडाकृती हवा: मधोमध रुंदी २३ ते २५ मिमी, उंची २८ ते ३२ मिमी, म्हणजे घेर साधारण ८५ मिमी. सपाट, चौकोनी कडांची, १६-१८ मिमी रुंदीची मूठ खिशात छान बसते आणि पंधरा-वीस मिनिटांत तळव्याला फोड आणते. गोल मूठ हातात फिरते आणि धार कुठे आहे ते न बघता कळत नाही. बोटांसाठी चार वेगळ्या खाचा कोरलेली मूठ ज्या हाताच्या मापानं केली त्यालाच बसते, तीही एकाच पकडीत. तुम्ही पातं छातीकडे वळवून, अंगठा पाठीवर ठेवून, उलटं धरून काम करता. प्रत्येक पकडीत त्या खाचा टोचतात.

दुकानात किंवा ओळखीच्या कुणाकडे चाकू हातात घ्यायला मिळाला तर नुसता तोलून परत देऊ नका. घट्ट मूठ वळून तीस सेकंद दाबून धरा आणि हात उघडा. तळव्यावर जिथे लाल रेघ उमटली असेल तिथे नंतर फोड येणार. ही रेघ बहुतेक तीन जागी दिसते: पुढच्या गार्डच्या मागे, टँगच्या उघड्या कडेवर, आणि मुठीच्या मागच्या टोकाशी. तोल पहिल्या बोटाखाली किंवा जरा मागे असावा.

साहित्याचं गणित सोपं आहे. कॅनव्हास मायकार्टा, म्हणजे रेझिनमध्ये दाबलेलं कापड, ओलं झालं की उलट चांगली पकड देतं. पॉलिश मात्र करू देऊ नका, साधं ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासलेलं घ्या. जी१० त्याहून मजबूत आणि पाण्याला दाद न देणारं, पण जड आणि गुळगुळीत केलं तर निसरडं. त्याच्यात काचेचे तंतू असतात, म्हणून घरी घासायचं तर मास्क लावून आणि ओलं करूनच. लाकूड सर्वांत देखणं, पण तुमच्या दमट हवेत ते फुगतं-आक्रसतं आणि काही ऋतूंनी टँगची कड बोटाला लागायला लागते. रेझिन भरून स्थिर केलेलं लाकूड त्या मानानं शांत राहतं. तुम्हाला मायकार्टा.

पोलादाकडे वळताना एक गोष्ट गृहीत धरा: चिवटपणा, झिजेला टक्कर आणि गंजाला टक्कर या तिन्हींत एकदम पहिलं येणारं पोलाद नाही. ३व्ही चिवटपणात पुढे आहे. त्यात क्रोमियम साडेसात टक्के, म्हणजे ते स्टेनलेस नाही. पुसून-तेल लावून ठेवलं तर छान राहतं, ओल्या म्यानात आठवडाभर विसरलं तर बारीक खड्डे पडतात. मॅग्नाकट हे लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञानं आखलेलं पोलाद २०२१ साली बाजारात आलं. त्याची युक्ती अशी की क्रोमियम साधारण पावणेअकरा टक्केच ठेवलंय, पण क्रोमियमची मोठी कार्बाइडं (कार्बनशी जुळून झालेले कठीण कण) तयार होऊ दिलेली नाहीत. त्यामुळे जवळजवळ सगळं क्रोमियम गंजाशी लढायला मोकळं राहतं, आणि झिजेला टक्कर व्हॅनेडियम-निओबियमच्या बारीक कार्बाइडांतून येते. याच्या उलट डी२: क्रोमियम बारा टक्के असूनही बरंचसं मोठ्या कार्बाइडांत अडकलेलं, म्हणून डागही पडतात आणि बारीक धारेतून तुकडेही निघतात. बारीक धारेच्या आउटडोअर चाकूसाठी डी२ घेऊ नका.

दमट हवा आणि वरची भूमिती धरली तर दोघांत मॅग्नाकट. ३व्हीचा जास्तीचा चिवटपणा जाड, ठोकायच्या पात्यात कामी येतो, ३.५ मिमीच्या, नीट वापरल्या जाणाऱ्या चाकूत मॅग्नाकटचा चिवटपणा पुरेसा आहे. आणि स्वस्तात काम भागवायचं असेल तर १४सी२८एन किंवा एईबी-एल या स्टेनलेस पोलादांना कमी लेखू नका. दोन्ही बारीक कणांची, चिवट, गंजाला बऱ्यापैकी दाद न देणारी. धार मॅग्नाकटपेक्षा आधी जाते, पण मुक्कामावर पाच मिनिटांत परत येते. मोराचा गारबर्ग १४सी२८एनमध्येच येतो: १०९ मिमी पातं, ३.२ मिमी पाठ, फुल टँग. स्कँडीच आवडत असेल तर शोध तिथेच थांबवायला हरकत नाही. १०९५ मधला ईएसईई-४ जाडीला ४.८ मिमी आणि फुल फ्लॅट आहे. दणकट, भरवशाचा, पण कोटिंग निघालं की दमट हवेत रोज पुसायची तयारी हवी. खाऱ्या पाण्याजवळ सतत असणाऱ्यांनी एलसी२००एनसारखं नायट्रोजन पोलाद घ्यावं. ते गंजत नाही म्हटलं तरी चालेल, मात्र धार तुलनेनं लवकर जाते.

नावापेक्षा पाणी महत्त्वाचं, हे लोहाराला सांगावं लागत नाही. ग्राहकाला सांगावं लागतं. मॅग्नाकट ६१ ते ६३ रॉकवेलला (कडकपणाचं माप) असावं. ५९ च्या खाली ठेवलेलं असेल तर पैसे मॅग्नाकटचे आणि धार साध्या पोलादाची. ३व्ही ५९ ते ६१, १४सी२८एन ५९ ते ६१, आणि १०९५ आउटडोअर चाकूत साधारण ५५ ते ५८. कारागिराकडून घडवून घेणार असाल तर त्याला विचारा: कडकपणा ठरवलेला सांगताय की मोजलेला? पाणी स्वतः देता की बाहेरून करून घेता? मॅग्नाकटसारख्या पोलादाला बाहेरच्या कारखान्यात, नियंत्रित भट्टीत दिलेलं पाणी ही कमीपणाची बाब नाही, उलट चांगली खूण आहे. विझवल्यानंतर अतिशीत प्रक्रिया केली का? टेम्परिंग (विझवल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा बेतानं तापवणं) कमी तापमानाच्या पट्ट्यात, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास, केलं का? पाचशेच्या वरच्या पट्ट्यात टेम्पर केलं तर गंजाशी लढायची ताकद घटते, आणि मग मॅग्नाकट घेण्याचा निम्मा उद्देश संपतो. शेवटचा प्रश्न, धारेमागे किती मिमी ठेवता? याचं उत्तर आकड्यात न देणारा कारागीर कितीही नावाजलेला असो, दुसरा बघा.

कंपनी की कारागीर, याचं उत्तर या प्रश्नांतच आहे. ०.५ मिमी धारेमागची जाडी कंपन्या सहसा देत नाहीत, कारण त्यांना चाकूवर घण घालणाऱ्या ग्राहकाचीही वॉरंटी निभवायची असते. मुठीचं माप हाताप्रमाणे आणि ग्राइंड कामाप्रमाणे हवं असेल तर कारागीर. वाट बघायची नसेल, तुटल्यावर बिनतक्रार बदली हवी असेल, तर कंपनीचा घ्या आणि धारेमागचं पोलाद कुणा जाणकाराकडून कमी करून घ्या. हे काम यंत्राच्या फिरत्या, पाण्याची धार सोडलेल्या घासपट्ट्यावरच व्हायला हवं. कोरड्या पट्ट्यावर धारेचा भाग टेम्परिंगच्या तापमानापलीकडे गेला की तिथलं पाणी उतरतं. पिवळसर-निळी झाक दिसली तर समजावं की गेलं. आणि ती झाक पॉलिश करून घालवली तरी मऊपणा तिथेच राहतो.

म्यानाबद्दल थोडकंच. चामड्याचं घेणार असाल तर धारेच्या बाजूला आतून चामड्याची वेगळी पट्टी शिवलेली आहे ना बघा. नसेल तर पातं शिलाई कापत जातं. चामडं वनस्पतीजन्य पद्धतीनं कमावलेलं असावं. क्रोम पद्धतीच्या चामड्यातले क्षार पात्याला गंज धरायला लावतात. कायडेक्स हे कडक प्लास्टिक दमट हवेला बरं, पण तळाला पाणी निघायला भोक हवं, आणि आत वाळू शिरली की पात्यावर ओरखडे येणारच. म्यान उलटं धरून जोरात झटका द्या. चाकू निसटला तर पकड कमी. काढताना अंगठ्यानं म्यानाला रेटून काढता यायला हवा. कुठलंही असो, चाकू महिनोन्महिने म्यानात साठवू नका.

चाकू हातात आल्यावर, लाकडाला लावण्याआधी हे बघा. पाठ डोळ्यासमोर धरून टोकापर्यंत नजर टाका. पातं सरळ आहे का, धार पाठीच्या मध्यावर येते का. दोन्ही बाजूंचे उतार मुठीपाशी एकाच जागी सुरू होतात का. मुठीची पट्टी आणि टँग यांच्यात नख शिरत असेल तर तिथे पाणी शिरणार. खोकं, पावती जपून ठेवा. वापरलेला चाकू परत घेणारे विक्रेते थोडेच.

पहिली धार तुम्हीच लावा. कारखान्यातली धार पुष्कळदा कोरड्या पट्ट्यावर लावलेली असते आणि काठावरचा केसभर भाग तापून मऊ किंवा ठिसूळ झालेला असतो. धारेचा उतार मार्करनं रंगवा. ३० मिमी रुंदीच्या पात्यासाठी १८ अंश म्हणजे पाठीचा मध्य दगडापासून सव्वानऊ मिमी वर, म्हणजेच ३.५ मिमीच्या पाठीची खालची कड साधारण साडेसात मिमी वर. तेवढ्या उंचीची लाकडी पाचर करून ठेवली की हाताला कोन लवकर बसतो. दगड डायमंडचा हवा, ४०० आणि मग १०००. व्हॅनेडियमची कार्बाइडं साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात. त्या दगडावर पोलाद घासलं जातं, कार्बाइडं तशीच राहतात. एका बाजूला पूर्ण लांबीभर बर येईपर्यंत घासा, मग दुसऱ्या. त्यानंतर एक हात इकडे, एक हात तिकडे, दाब कमी करत करत फक्त चाकूच्या वजनावर या. मग एक मायक्रॉनच्या डायमंड पेस्टनं चोळलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर दहा-पंधरा वेळा, धार मागे ठेवून. कापसाच्या बोळ्याची परीक्षा इथे पुन्हा घ्या.

पहिल्या वेळी गाठीवर बारीक खड्डे दिसले तर लगेच तक्रार करू नका. आणखी दोनदा धार लावून आतलं ताजं पोलाद वर येऊ द्या. तिसऱ्या वेळेनंतरही त्याच लाकडावर, त्याच कोनाला खड्डे पडत असतील तर कोन अडीच अंशांनी वाढवून बघा. तरीही पडले, तर मात्र धारेचा भिंगातून काढलेला फोटो, कोन आणि धारेमागची जाडी लिहून बनवणाऱ्याला पाठवा. मोजमापासह आलेल्या तक्रारीला ‘तुम्ही चुकीचं वापरलंत’ एवढंच उत्तर देऊन त्याला सुटता येत नाही.